रीलमधून कळलेला हवामान बदल: मुलं काय शिकतात आणि काय मनात धरून बसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्गातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हवामान बदलाविषयी जे ठाऊक आहे, ते जवळपास सगळं फोनमधून आलंय. काही मुलं कमालीची धास्तावली आहेत, काही नुसती टिंगल करतात. एका मुलीनं तर विचारलं, की २०३० नंतर काही उरणारच नसेल तर परीक्षा कशाला द्यायची? तेव्हा सोशल मीडियानं मुलं जागी होतायत की खचतायत, आणि शिक्षकानं त्यात काय करायचं?

मी गेली १४ वर्षं तरुणांबरोबर याच विषयावर कार्यशाळा घेते. सुरुवातीला विज्ञान समजावायला जायचे. आता निम्मा वेळ मुलांच्या फोनमध्ये डोकावण्यात जातो. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते. पृथ्वी तापतेय की नाही, याबद्दलचं मुलांचं मत फीडमुळे, म्हणजे फोनवर एकामागून एक येत राहणाऱ्या व्हिडिओ-पोस्टच्या ओघामुळे, फारसं हलत नाही. बहुतेकांना ती तापतेय हे मान्य असतं. हलतात त्या दुसऱ्याच दोन समजुती: बाकीच्या लोकांना याचं काही पडलंय का, आणि आता हातात काही उरलंय का. या दोन्ही बाबतींत फीड मुलांना सातत्यानं चुकीचं चित्र दाखवतं. गंमत म्हणजे ते दाखवणाऱ्यांत पर्यावरणाच्या बाजूनं बोलणारेही भरपूर असतात.

एक उदाहरण जवळून दाखवते. एका कार्यशाळेत एकोणीस वर्षांच्या एका मुलानं आपणहून फोन पुढे केला. म्हटलं, तू रोज बघतोस तसंच बघ, मी फक्त शेजारी बसून लिहिते. वीस मिनिटांत ४१ व्हिडिओ झाले. त्यातले हवामानाशी संबंधित सहा. पहिला, पेटलेलं जंगल, मागे रडवणारा पियानो. दुसरा, काळ्या पडद्यावर उलटं चालणारं घड्याळ. तिसऱ्यात एक मुलगी स्टीलची बाटली दाखवत होती, खाली सवलतीचा कोड. चौथ्यात गाडीत बसलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे बोट रोखून बोलत होता. पाचवा, संग्रहालयातल्या चित्रावर सूप फेकणाऱ्या मुली आणि त्याखाली शिव्यांचा पाऊस. सहाव्यात एक तरुण संशोधिका बर्फाचा लांब गाभा (खोल बर्फात छिद्र पाडून काढलेली कांडी) हातात धरून, त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून जुन्या काळची हवा कशी मोजतात ते सांगत होती. हा सहावा त्यानं तीन सेकंदांत वर ढकलला. 'बोरिंग होता?' मी विचारलं. तो म्हणाला, 'नाही, बघितलाच नाही.'

बाकी पाच मात्र त्यानं शेवटपर्यंत पाहिले होते.

आधी त्या जंगलाच्या क्लिपबद्दल. ठिकाण नाही, तारीख नाही, फक्त 'जगाची फुप्फुसं जळतायत' एवढी ओळ. ती वाचली की मला २०१९चा ऑगस्ट आठवतो. ॲमेझॉनच्या जंगलात तेव्हा आगी लागल्या होत्या. त्या खऱ्या होत्या आणि गंभीरही होत्या. पण त्या आठवड्यात जगभर फिरलेल्या फोटोंपैकी कित्येक जुने होते. फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी २२ ऑगस्टला जो फोटो ट्विट केला, तो काढणारा छायाचित्रकार २००३मध्येच वारला होता. त्याच ट्विटमध्ये हे जंगल पृथ्वीचा २० टक्के ऑक्सिजन पुरवतं, असंही होतं. हे चूक आहे. जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच तिथल्या झाडांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्ची पडतो. निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास राहते. ॲमेझॉन वाचवायची खरी कारणं त्याहून भक्कम आहेत: त्यात साठलेला प्रचंड कार्बन, त्यावर चालणारं पावसाचं चक्र, तिथली जीवसृष्टी आणि तिथं राहणारी माणसं. पण 'फुप्फुसं' ही एका शब्दात मावतात, पावसाचं चक्र मावत नाही.

असाच किस्सा त्या कृश पांढऱ्या अस्वलाचा. २०१७मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'नं एका उपाशी, पाय ओढत चालणाऱ्या अस्वलाचा व्हिडिओ टाकला. 'हवामान बदल असा दिसतो' अशा अर्थाची ओळ त्यावर होती. तो अफाट फिरला. पुढच्या वर्षी त्याच मासिकानं कबूल केलं की त्या एका अस्वलाची अवस्था थेट हवामान बदलाशी जोडण्यात आपण अतिरेक केला. ते म्हातारं होतं, आजारी होतं की आणखी काही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आर्क्टिकचा बर्फ मात्र खरोखर कमी होतोय, आणि त्याला त्या अस्वलाच्या साक्षीची गरजच नव्हती.

याचा मुलांवर होणारा परिणाम मी अनेकदा पाहिलाय. फोटो जुना निघाला की मूल फक्त फोटो टाकून देत नाही, आगही टाकून देतं. 'सगळे फेकतात' हे वाक्य मला तरुणांकडून सर्वांत जास्त ऐकू येतं आणि ते म्हणणारी मुलं हवामान बदल नाकारणारी नसतात. बऱ्याचदा ती कधीकाळी फार मनापासून शेअर करणारी असतात, नंतर तोंडघशी पडलेली. म्हणून आपल्या बाजूची खोटी पोस्ट मी जास्त धोकादायक मानते. विरोधी बाजूची खोटी पोस्ट निदान आपल्या माणसांचा विश्वास तरी खात नाही.

आता ते उलटं घड्याळ. तुमच्या विद्यार्थिनीचं '२०३०' इथूनच आलेलं असणार. त्याची गोष्ट नीट माहीत असलेली बरी. आयपीसीसी, म्हणजे हवामानावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं, ऑक्टोबर २०१८मध्ये दीड अंशाच्या तापमानवाढीवर एक विशेष अहवाल दिला. त्यातलं विधान असं: वाढ दीड अंशाच्या आत ठेवायची असेल तर माणसानं सोडलेला निव्वळ (परत शोषला गेलेला वजा करून उरणारा) कार्बन डायऑक्साइड २०३०पर्यंत २०१०च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी व्हायला हवा आणि २०५०च्या आसपास शून्यावर यायला हवा. हे विधान 'अमुक लक्ष्य गाठायचं तर अमुक वेग हवा' या जातीचं आहे. बातम्यांत त्याचं झालं 'आपल्याकडे १२ वर्षं उरलीत', आणि फीडमध्ये पोचेपर्यंत '१२ वर्षांत जग संपणार'. दोन पायऱ्यांत अट गळाली आणि भविष्यवाणी उरली.

तुमची मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. म्हणजे त्यांनी हे वाक्य मोठ्यांच्या चर्चेत ऐकून तपासलेलं नाही, ते त्यांच्या वाढत्या वयाच्या भिंतीवर लटकलेलं कॅलेंडर आहे. २०३० येईल, जाईल, जग काही संपणार नाही. मग काय होईल याची मला खरी काळजी वाटते. काही जण म्हणतील, 'बघा, खोटं होतं.' बाकीचे म्हणतील, 'मुदत संपली, आता काय उपयोग.' दोन्ही गट हात झटकून मोकळे.

याचीच छोटी आवृत्ती नुकतीच झाली. २०२४ हे नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश जास्त, असं जागतिक हवामान संघटनेनं सांगितलं. लगेच 'दीड अंशाची मर्यादा तुटली, खेळ खलास' अशा रीलचा पूर आला. पॅरिस करारातली, म्हणजे २०१५च्या आंतरराष्ट्रीय हवामान करारातली, मर्यादा मात्र एका वर्षाच्या तापमानाची नाही. ती साधारण दोन दशकांच्या सरासरीवरून पाहायची असते. एक वर्ष वर गेलं ही धोक्याची घंटा आहे. मर्यादा ओलांडल्याचा निकाल अजून त्यातून निघत नाही. आणि समजा उद्या ओलांडलीच, तरी १.६ हे १.७पेक्षा बरं आणि १.७ हे २पेक्षा बरं. हा जिना आहे, कडा नाही. मुलांच्या डोक्यात मात्र कडाच असतो, कारण कड्याचा थंबनेल, म्हणजे व्हिडिओवरचं छोटं चित्र, चांगला होतो.

त्यांना हेही कुणी सांगितलेलं नसतं की निव्वळ कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन शून्यावर आणलं तर पुढची तापमानवाढ जवळपास थांबते. झालेली वाढ मागे जात नाही, पण पुढे 'आपोआप चढतच राहणार' असंही नाही. हे मी सांगते तेव्हा खोलीत जी शांतता होते ती दुसऱ्या कुठल्याही आकड्यानं होत नाही. अनेकांची समजूत अशी असते की गाडी दरीत पडलीय, आता ब्रेक दाबून काही होत नाही. मग मी पुढचे आकडे देते. आयपीसीसीच्याच सहाव्या अहवालानुसार २०१० ते २०१९ या काळात सौर ऊर्जेचा दर एककामागचा खर्च ८५ टक्क्यांनी, पवन ऊर्जेचा ५५ टक्क्यांनी आणि लिथियम-आयन बॅटऱ्यांचा ८५ टक्क्यांनी उतरला. पॅरिस करारानंतर शतकाअखेरच्या तापमानाचे अंदाजही खाली आलेत. आजच्या धोरणांवर ते अडीच ते तीन अंशांच्या घरात आहेत, जे अजूनही वाईटच आहे. ही बातमी 'चांगली' नाही. पण ही हालणारी बातमी आहे, आणि मुलांना ती गोठलेली मिळालेली असते.

गाडीतला माणूस. त्याचं बोलणं मी शब्दशः लिहून घेतलं नाही, पण सूर ओळखीचा होता: हवामान बदलतंय हे मान्य, पण पवनचक्क्या काही कामाच्या नाहीत, शास्त्रज्ञ पैशासाठी बोलतात, आणि थोडी ऊब वाढली तर बिघडलं कुठे? दहा वर्षांपूर्वी हाच माणूस 'तापमान वाढतच नाही' म्हणाला असता. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट' या संस्थेनं जानेवारी २०२४मध्ये यूट्यूबवरच्या ९६ चॅनेलांच्या १२ हजारांवर व्हिडिओंचा मजकूर तपासून अहवाल काढला. उपाय चालणार नाहीत, शास्त्रज्ञ आणि चळवळवाले भरवशाचे नाहीत, परिणाम घातक नाहीत, या 'नव्या नकारा'चा वाटा हवामान नाकारणाऱ्या एकूण दाव्यांत २०१८मध्ये ३५ टक्के होता, तो २०२३मध्ये ७० टक्के झाला. संस्था स्वतः प्रचारकी आहे आणि वर्गीकरण यंत्राकडून करवलेलं आहे, म्हणून मी टक्क्यांवर फार भर देत नाही. दिशा मात्र माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. आणि त्यामागे साधं कारणही आहे. यूट्यूबची मालकी असलेल्या गूगलनं ऑक्टोबर २०२१मध्ये ठरवलं की हवामान बदल होतोय आणि तो माणसामुळे होतोय हे नाकारणाऱ्या मजकुरावर जाहिरातीचे पैसे मिळणार नाहीत. 'होतोय, पण उपाय थोतांड आहेत' हे त्या व्याख्येत अडकत नाही.

आता घड्याळवाला आणि गाडीवाला शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो सगळं संपलं, दुसरा म्हणतो काही करायची गरज नाही. दोघांचे अनुयायी कमेंटमध्ये एकमेकांची डोकी फोडतात. मुलाच्या हातात शेवटी एकच गोष्ट पडते: स्वस्थ बसायची परवानगी.

बाटलीवाल्या मुलीवर मी फार वेळ घालवत नाही. बाटली वापरावी, छानच आहे. एवढंच सांगते की 'माझा कार्बन फूटप्रिंट किती', म्हणजे माझ्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो, हा प्रश्न लोकांच्या तोंडी बसवण्यात २०००च्या दशकाच्या मध्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेचा मोठा हात होता. हे ऐकल्यावर मुलं स्वतःच बाकीचं बोलतात.

सूपाच्या व्हिडिओवर मात्र थांबायला हवं, कारण त्यावरून फीडची यंत्रणा कळते. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'जस्ट स्टॉप ऑइल' या ब्रिटिश आंदोलक गटाच्या दोन तरुणींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूप फेकलं. चित्रावर काच होती, चित्र शाबूत राहिलं, चौकटीला थोडी इजा झाली. मी कार्यशाळेत विचारते: सूप कशाचं होतं? सगळे हात वर. त्यांची मागणी काय होती? एखादा हात, तोही अर्धा. (तेल आणि वायूच्या नव्या परवान्यांना बंदी, ही मागणी होती.) चित्राला काच होती हे ठाऊक असलेले त्याहून थोडे जास्त असतात.

हे मुलांच्या बेफिकिरीमुळे होत नाही. २०१७मध्ये ब्रेडी या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या लाखो संदेशांचा अभ्यास केला. त्यातल्या तीन विषयांत एक हवामान बदल होता. संदेशात नैतिक आणि भावनिक असा दुहेरी भार असलेला एकेक शब्द वाढला की तो पसरण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढत होतं. 'लाज', 'पाप', 'विश्वासघात' असल्या शब्दांची ही ताकद. आणि हे पसरणं प्रामुख्यानं आपापल्या गटातच होत होतं, दुसऱ्या गटात फारसं नाही. म्हणजे संतापाची पोस्ट विरोधकाला पटवत नाही, ती आपल्याच माणसांना जास्त तापवते.

इथून मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. रोज दोन टोकांची भांडणं पाहणाऱ्या मुलाला जग कसं दिसेल? थोडे वेडे आंदोलक, थोडे वेडे नकारवाले आणि मधे ज्यांना काही घेणंदेणं नाही असे कोट्यवधी लोक. हे चित्र खोटं आहे. २०२४मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या संशोधनपत्रिकेत १२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्या मासिक उत्पन्नातला एक टक्का हवामान बदलाविरुद्धच्या कामाला द्यायची तयारी ६९ टक्क्यांनी दाखवली. सरकारनं जास्त करायला हवं असं ८९ टक्के म्हणाले. आणि मग त्यांना विचारलं, तुमच्या देशातले किती लोक असा एक टक्का देतील? अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचा आला. जवळजवळ सगळे देश धरून लोक एकमेकांना कमी लेखत होते. याला सर्वस्वी सोशल मीडिया जबाबदार आहे असं ती पाहणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. माणसं नेहमीच शेजाऱ्याच्या मनाचा चुकीचा अंदाज करत आली आहेत. पण ज्या पिढीचा शेजारच फीडमध्ये आहे, तिची चूक कुठल्या बाजूला झुकणार हे उघड आहे.

हे तुम्ही तुमच्या वर्गात दहा मिनिटांत करून पाहू शकता. प्रत्येकाला नाव न लिहिता चिठ्ठीवर दोन आकडे लिहायला सांगा. शून्य ते दहामध्ये मला हवामान बदलाची किती काळजी वाटते. आणि माझ्या मते वर्गाची सरासरी किती निघेल. चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर दोन्ही सरासऱ्या मांडा. माझ्या कार्यशाळांत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बहुतेक वेळा खाली येतो, कधी कधी तीन-तीन घरांनी. मग मुलं एकमेकांकडे ज्या नजरेनं बघतात त्यासाठी मी हा खेळ अजून सोडलेला नाही. एकदा मागच्या बाकावरचा टिंगलखोर मुलगा आपला आकडा आपणहून ओरडून मोकळा झाला: नऊ.

सोशल मीडिया फक्त बिघडवतं असं तुम्हाला वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. २० ऑगस्ट २०१८ रोजी पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग स्वीडनच्या संसदेबाहेर 'हवामानासाठी शाळेचा संप' अशी पाटी घेऊन एकटी बसली. तिचे फोटो इन्स्टाग्राम आणि ट्विटरवर गेले नसते तर ती शाळा बुडवणारी एक मुलगी राहिली असती. १५ मार्च २०१९च्या जागतिक संपात दहा लाखांवर विद्यार्थी होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या आठवड्यात संयोजकांच्या हिशेबानं सत्तर लाखांवर माणसं रस्त्यावर आली. आणखी एक घटना मुलांना मी आवर्जून सांगते. जानेवारी २०२०मध्ये दावोसला, जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीच्या वेळी, पाच तरुण कार्यकर्त्यांचा फोटो निघाला. एका वृत्तसंस्थेनं तो छापायला देताना युगांडाच्या व्हनेसा नकाते यांना कापून टाकलं, उरलेल्या चौघी गोऱ्या. नकाते यांनी त्यावर स्वतःच्या अकाउंटवरून प्रश्न विचारला, जगभर गलका झाला, संस्थेला माफी मागावी लागली. वीस वर्षांपूर्वी त्यांना संपादकाला पत्र लिहून वाट बघावी लागली असती.

पण व्हायरल होणं आणि निर्णय फिरवणं यांत अंतर असतं, हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं. २०२३च्या सुरुवातीला अलास्कातल्या विलो तेल प्रकल्पाविरुद्ध टिकटॉकवर प्रचंड लाट आली. व्हाइट हाउसला दहा लाखांवर पत्रं गेली. १३ मार्चला बायडन सरकारनं प्रकल्पाला मंजुरी दिली, कंपनीनं मागितलेल्या पाचऐवजी तीन जागांवर. कित्येक मुलांसाठी तो पहिलाच राजकीय अनुभव होता आणि त्यातून ती 'आपलं कुणी ऐकत नाही' एवढंच घेऊन गेली. पाचाचे तीन कशामुळे झाले, कोर्टात पुढे काय चाललं, हे सांगायला कुणी रील करत नाही.

भीतीविषयी तुम्ही विचारलंत. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये २०२१ साली दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांची पाहणी आली होती. ५९ टक्के अतिशय किंवा कमालीचे चिंतित होते, ७५ टक्क्यांना भविष्य भयावह वाटत होतं, आणि ४५ टक्क्यांहून अधिकांनी सांगितलं की या भावनांचा आपल्या रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. हे आकडे 'बघा, मोबाइलनं पोरं बिघडली' म्हणायला सर्रास वापरले जातात. पाहणीत तसं काही नव्हतं. तिथं ही अस्वस्थता जोडली गेली होती ती सरकारं पुरेसं करत नाहीत, आपल्याला दगा दिला गेला, या भावनेशी. शिवाय जो आधीच धास्तावलेला आहे तोच असले व्हिडिओ जास्त थांबून बघतो, मग अल्गोरिदम, म्हणजे पुढे काय दाखवायचं ते ठरवणारी ॲपची यंत्रणा, त्याला तेच वाढतं. कोंबडी आधी की अंडं, हे बहुतेक अभ्यासांतून सुटत नाही. म्हणून पालकसभेत फोन काढून घ्यायचा ठराव कुणी मांडला तर घाई करू नका. काळजीचं कारण बाहेर खरंखुरं आहे. फोन गेला तरी ते जाणार नाही, फक्त मूल त्याविषयी बोलायचं थांबेल.

करायचं काय? पुन्हा एकदा हरितगृह वायूंचा तास घेऊ नका, तो त्यांचा झालाय. मी तीन गोष्टी करते. त्यातली पहिली वर सांगितलेल्या चिठ्ठ्यांची.

दुसरी, मुलांनाच खोटी रील करायला लावते. गट पाडायचे, अर्धा तास द्यायचा, अट एकच, की काहीही अपलोड करायचं नाही आणि शेवटी फोनमधून पुसायचं. हवामान बदलाविषयीचं एक खोटं शक्य तितकं पटेल असं मांडा. त्यांच्या हाती ऑस्ट्रेलियन संशोधक जॉन कुक वापरतात त्या पाच युक्त्या देते: नकली तज्ज्ञ उभा करणे, तर्कात दगाबाजी, अशक्य पुराव्याची मागणी, सोयीचे आकडे वेचणे आणि कारस्थानाची कथा. मागची कल्पना १९६०च्या दशकातली, मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांची: लस टोचतो तशी खोट्याची सौम्य मात्रा आधीच दिली तर खरोखरचं खोटं समोर आल्यावर मन तयार असतं. मुलं हा खेळ भलत्याच उत्साहानं खेळतात. एका गटानं डॉक्टरचा पांढरा कोट म्हणून बाबांचा शर्ट वापरला होता, आणि 'प्राध्यापक' असं खाली लिहिल्याबरोबर तो मुलगा खरंच प्राध्यापक वाटायला लागला. अर्धा वर्ग हसला, बाकीचे गप्प झाले. त्यानंतर कोट बघितला की त्यांना शर्ट आठवतो.

एक गट नेहमी 'घड्याळ'वाल्या बाजूचं खोटं करतो याची मी काळजी घेते. नाहीतर मुलं समजतात की खोटं फक्त समोरचे बोलतात.

तिसरी, घरी बोलायला पाठवते. २०१९मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्येच अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा एक प्रयोग आला होता. शाळेतल्या १० ते १४ वयाच्या मुलांनी हवामानावरचा एक अभ्यासक्रम केला, आसपास जाऊन काम केलं आणि आईवडिलांची मुलाखत घेतली. पालकांची काळजी वाढली. सर्वांत जास्त परंपरावादी पालकांची वाढली, आणि मुलीनं विचारलं तेव्हा जास्त वाढली. मुलाखतीत वाद घालायचा नव्हता, फक्त विचारायचं होतं. मीही तेच सांगते: 'तुमच्या लहानपणी पाऊस कसा असायचा' इथून सुरू करा, आकडे काढू नका.

तुमच्या त्या विद्यार्थिनीला परीक्षेचं महत्त्व पटवायला जाऊ नका. तिला विचारा, कुठल्या व्हिडिओत बघितलंस? एकत्र बघा. मग २०१८च्या अहवालातलं मूळ वाक्य तिच्यासमोर ठेवा आणि दोन्हींतला फरक तिलाच शोधू द्या. 'घाबरू नकोस' म्हणू नका. तिची भीती मूर्ख नाही, तारीख चुकीची आहे. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, मैत्रिणी सोडल्यात असं दिसलं तर हा हवामानाचा तास राहिला नाही, समुपदेशकाकडे न्या.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं राहिलं. त्याला म्हटलं, तो सहावा व्हिडिओ आता शोध. फीड केव्हाच पुढे गेलं होतं. हिस्टरीत शिरून, उलटं स्क्रोल करत अकरा मिनिटं लागली. सापडला तेव्हा ५८ सेकंदांचा निघाला. दोनदा बघितला. मग त्यानं बर्फाच्या गाभ्यावर बोट ठेवून विचारलं, 'हे बुडबुडे किती जुने आहेत?' मी सांगितलं, अंटार्क्टिकातल्या खोल गाभ्यांतली हवेची नोंद आठ लाख वर्षांमागे जाते, आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १८० ते ३००च्या दरम्यानच राहिलेला दिसतो. आता ४२०च्या वर आहे. त्यानं त्या संशोधिकेला फॉलो केलं, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की फीडमध्ये अजून तरी काही फरक नाही, घड्याळवालाच येतोय.